सायप्रसचे सार्वमत आणि ‘नाही’ म्हणण्याचे मोल

२४ एप्रिल २००४ रोजी, शनिवारी, सायप्रस बेटावरच्या ग्रीक आणि तुर्की या दोन समाजांनी एकाच प्रश्नावर, पण वेगवेगळ्या मतपेट्यांत मतदान केले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या नावाने ओळखली जाणारी योजना, तिची सर्व परिशिष्टे आणि आपापल्या घटक राज्याची घटना स्वीकारून एकसंध सायप्रसने युरोपीय संघात प्रवेश करावा, हे तुम्हाला मान्य आहे काय, असा तो प्रश्न होता. दोन्हीकडे ‘होय’ला बहुमत मिळाले तरच योजना अमलात येणार होती, एका बाजूने जरी ‘नाही’ म्हटले तरी सारा मसुदा रद्दबातल ठरणार होता. मोजणी झाली तेव्हा तुर्की सायप्रियटांपैकी ६४.९१ टक्के मतदारांनी ‘होय’ म्हटले होते आणि ग्रीक सायप्रियटांपैकी ७५.८३ टक्के मतदारांनी ‘नाही’. आठवडाभराने, १ मे रोजी, सायप्रस युरोपीय संघाचा सदस्य झाला. ‘नाही’ म्हणणारे आत गेले आणि ‘होय’ म्हणणारे दाराबाहेर राहिले.

या निकालाचा सरधोपट अर्थ तेव्हाही लावला गेला आणि अजूनही लावला जातो: तुर्की सायप्रियट समंजस, ग्रीक सायप्रियट हटवादी. दुसऱ्या बाजूचे लोक त्याला तितकेच सरधोपट उत्तर देतात, की योजनाच अन्यायाची होती आणि स्वाभिमानी समाजाने ती झिडकारली. मला हे दोन्ही अर्थ अपुरे वाटतात. या सार्वमतात प्रश्न दोघांना एकच विचारला गेला, पण उत्तराचे मोल दोघांना सारखे पडत नव्हते. ‘नाही’ म्हटल्याने कोणाचे काय जाणार आणि ‘होय’ म्हटल्याने कोणाला काय, केव्हा मिळणार, हे मतपत्रिकेवर लिहिलेले नसते. ते आधीच, दुसरीकडे कुठेतरी ठरलेले असते. सायप्रसच्या बाबतीत ते हेलसिंकी आणि कोपनहेगन येथे, युरोपीय संघाच्या शिखर परिषदांत ठरले होते.

मागची हकिकत थोडक्यात सांगणे भाग आहे. १६ ऑगस्ट १९६० रोजी सायप्रस ब्रिटनपासून स्वतंत्र झाला, तेव्हा लोकसंख्येत ग्रीक सायप्रियट साधारण ७८ टक्के आणि तुर्की सायप्रियट १८ टक्के होते. ज्यूरिक आणि लंडन येथे झालेल्या करारांतून आलेल्या घटनेनुसार राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्की, दोघांनाही नकाराधिकार, प्रतिनिधिगृहात आणि सरकारी नोकऱ्यांत ७०:३०, तर सैन्यात ६०:४० अशी वाटणी होती. या सगळ्यावर ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान हे तीन देश हमीदार होते. ग्रीक सायप्रियटांतल्या पुष्कळांना खरे तर ग्रीसमध्ये विलीन व्हायचे होते, तुर्की सायप्रियटांतल्या पुष्कळांना फाळणी हवी होती. म्हणजे जे स्वातंत्र्य मिळाले ते दोघांपैकी कोणाचीच पहिली पसंती नव्हती. राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांनी १९६३च्या नोव्हेंबरात घटनेत तेरा दुरुस्त्या सुचवल्या आणि डिसेंबरात दंगली पेटल्या. त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने एक रेघ ओढली. ती ‘ग्रीन लाइन’ आज साठ वर्षांनंतरही तशीच आहे.

या प्रकरणाशी भारताचे नाते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैन्य सायप्रसमध्ये आले, त्याचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल प्रेमसिंग ग्यानी होते. त्यांच्यानंतर आलेले जनरल थिमय्या हे भारताचे माजी लष्करप्रमुख. डिसेंबर १९६५ मध्ये, पदावर असतानाच, सायप्रसमध्ये त्यांचे निधन झाले. लार्नाका शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि सायप्रसने त्यांचे टपाल तिकीटही काढले होते. पुढे १९७४ मध्ये, बेटाचे खरोखर दोन तुकडे पडले तेव्हा, सेनापती होते दिवाण प्रेमचंद. निकोसियाचा विमानतळ दोन्ही सैन्यांच्या हाती पडू न देता त्यांनी तो संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात ठेवला. तो विमानतळ आजही बंदच आहे.

१९७४च्या १५ जुलैला अथेन्समधल्या लष्करी राजवटीच्या चिथावणीने मकारिओस यांच्याविरुद्ध बंड झाले आणि पाच दिवसांनी तुर्कस्तानने हमीदारपणाचा हवाला देऊन सैन्य उतरवले. ऑगस्टमधल्या दुसऱ्या चढाईनंतर बेटाचा सुमारे ३६ टक्के भाग तुर्की सैन्याच्या ताब्यात गेला. दीड लाखांहून अधिक ग्रीक सायप्रियट घरेदारे सोडून दक्षिणेकडे आले आणि सुमारे ४५ हजार तुर्की सायप्रियट उत्तरेकडे गेले. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा केली. त्याला तुर्कस्तानखेरीज कोणीही मान्यता दिली नाही. दोन भागांचे, दोन समाजांचे संघराज्य हा तोडग्याचा पाया मात्र मकारिओस आणि तुर्की नेते रौफ डेंक्ताश यांनी १९७७ मध्येच मान्य केला होता. त्यानंतरची पंचवीस वर्षे त्या पायावर भिंत किती उंच बांधायची यावर वाटाघाटी झाल्या, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सायप्रसने १९९० मध्ये युरोपीय समुदायाकडे सदस्यत्वाचा अर्ज केला. अर्ज दक्षिणेतल्या सरकारचा, पण संपूर्ण बेटाच्या नावाने. कारण जगाच्या दृष्टीने सायप्रसचे सरकार तेच आहे. बेटाचा प्रश्न सुटल्याशिवाय सदस्यत्व द्यायचे की नाही, यावर युरोपात बरीच वर्षे चर्चा चालली. डिसेंबर १९९९ मध्ये हेलसिंकीच्या शिखर परिषदेत ठरले, की तोडगा निघाला तर सदस्यत्वाला मदतच होईल, पण तोडगा ही पूर्वअट नसेल. ग्रीसचा आग्रह त्यामागे होता. सायप्रसला वगळले तर पूर्व युरोपातल्या देशांचा प्रवेशही अडवू, असा इशारा अथेन्सने दिलेला होता. त्या एका वाक्याने ग्रीक सायप्रियटांना तडजोड करण्याचे सर्वात मोठे बाह्य कारण काढून घेतले. त्यामागचा हिशेब मात्र अगदीच खुळा नव्हता. तेव्हा तोडग्याच्या आड येणारा माणूस म्हणजे डेंक्ताश, असेच सगळे धरून चालले होते. दक्षिणेचा प्रवेश त्यांच्या हातात ओलीस ठेवायचा नाही, एवढाच युरोपाचा हेतू होता. ग्रीक बाजूच उद्या ‘नाही’ म्हणेल, ही शक्यता कोणी फारशी गंभीरपणे घेतली नाही.

आणि डेंक्ताश यांनी अपेक्षेप्रमाणेच वर्तन केले. अन्नान योजनेचा पहिला मसुदा नोव्हेंबर २००२ मध्ये आला, डिसेंबरात कोपनहेगनला सायप्रसच्या प्रवेशावर शिक्कामोर्तब झाले आणि मार्च २००३ मध्ये हेग येथे डेंक्ताश यांनी योजना सार्वमताला टाकायलाच नकार दिला. त्या हिवाळ्यात उत्तर निकोसियाच्या चौकात हजारोंच्या संख्येने तुर्की सायप्रियट स्वतःच्याच नेत्याविरुद्ध घोषणा देत उभे होते. बँका बुडालेल्या, व्यापारावर निर्बंध, पासपोर्ट जगात कुठे चालत नाही, आणि शेजारचे लोक वर्षभरात युरोपीय होणार, अशी त्यांची स्थिती होती. तोडगा त्यांच्यासाठी आदर्शवादाचा विषय नव्हता; घराबाहेर पडायचे तेवढे एकच दार त्यांना दिसत होते. परंतु १६ एप्रिल २००३ रोजी अथेन्सला सायप्रसच्या प्रवेशाच्या करारावर सह्या झाल्या, तेव्हा या लोकांचा आवाज मोजायची सोयच नव्हती. करार झाला, दक्षिणेचे स्थान पक्के झाले आणि सार्वमत त्यानंतर वर्षभराने आले. घटनाक्रमातला हा उलटफेर मला सगळ्यात निर्णायक वाटतो. हेच सार्वमत करारावर सह्या होण्याआधी झाले असते, तर दक्षिणेच्या मतदाराला मतपत्रिका हातात घेताना थोडा तरी वेगळा विचार करावा लागला असता.

त्या सह्यांनंतर आठवड्याने, २३ एप्रिल २००३ रोजी, डेंक्ताश यांनी अचानक ग्रीन लाइनवरची वाहतूक खुली केली. एकोणतीस वर्षांनी प्रथमच लोक पलीकडे गेले. पहिल्या दिवसांत रांगा इतक्या लांब होत्या की माणसे तासन्‌तास उभी होती. पुष्कळ जण जुन्या घराची किल्ली घेऊन गेले; त्या घरात आता दुसरेच कुटुंब राहत होते, आणि त्या कुटुंबाचे स्वतःचे घर बहुधा दक्षिणेत कुठेतरी राहिलेले होते. कित्येक ठिकाणी आतल्या लोकांनी कॉफी केली, मागे राहिलेले लग्नाचे फोटो काढून दिले. कित्येक ठिकाणी दार उघडलेच नाही. परदेशी वार्ताहरांनी या भेटींचे वर्णन मनोमीलन असे केले आणि दंगा झाला नाही हे खरेच आश्चर्याचे होते. पण आपल्या घरात जाऊन पाहुण्यासारखी कॉफी पिऊन परत येणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले असेल, याचा अंदाज त्या बातम्यांवरून येत नव्हता. घर डोळ्यांनी पाहून आलेल्या माणसाला ‘तुला एक तृतीयांश मालमत्ता परत आणि उरलेल्याची भरपाई रोख्यांत’ असे सांगितले, की तो हिशेब त्याला पूर्वीपेक्षा जास्त टोचणार, कमी नव्हे, असे मला वाटते.

योजनेत नेमके काय होते? मुख्य करार आणि परिशिष्टे आटोपशीर होती, पण त्याला जोडलेले कायदे धरून सारा मजकूर नऊ हजार पानांच्या आसपास गेला. नमुना साधारणतः स्वित्झर्लंडचा: दोन घटक राज्यांचे संयुक्त सायप्रस प्रजासत्ताक, मतदानाचा अधिकार असलेले सहा सदस्यांचे अध्यक्षीय मंडळ, त्यात चार ग्रीक आणि दोन तुर्की, आणि अध्यक्षपद आलटून पालटून. सिनेटमध्ये २४ आणि २४. खालच्या सभागृहात लोकसंख्येच्या प्रमाणात ४८ जागा, पण कोणत्याही राज्याला चतुर्थांशाहून कमी नाहीत. सर्वोच्च न्यायालयात तीन ग्रीक, तीन तुर्की आणि तीन परदेशी न्यायाधीश. निर्णय अडला तर या परदेशी न्यायाधीशांच्या मताने तो सुटणार होता, म्हणजे राजकीय कोंडी फोडण्याचे काम अखेर न्यायालयावर सोपवलेले होते. ही तरतूद मला योजनेतली सर्वात नाजूक वाटते. तुर्की राज्याकडचा प्रदेश ३६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांच्या आसपास येणार होता. फामागुस्ताचे ओस पडलेले व्हारोशा उपनगर आणि संत्र्याच्या बागांचे मॉर्फू ग्रीक राज्याला परत मिळणार होते. ब्रिटननेही आपल्या लष्करी तळांची जवळजवळ अर्धी जमीन देऊ केली होती. नवा ध्वज आणि नवे राष्ट्रगीत स्पर्धा घेऊन निवडलेले होते. तो ध्वज कधी फडकलाच नाही.

आता ग्रीक सायप्रियट मतदाराच्या बाजूने हा मसुदा वाचून पाहू. योजना अमलात येताच त्याचे मान्यताप्राप्त प्रजासत्ताक नव्या संघराज्यात विलीन होणार होते आणि तुर्की सायप्रियटांना सत्तेत वाटा मिळणार होता. हे सगळे ताबडतोब. त्याला स्वतःला जे मिळायचे होते ते मात्र हप्त्याहप्त्याने. प्रदेश परत येणार होता, पण टप्प्याटप्प्याने, साडेतीन वर्षांत. तुर्की सैन्य २०११ पर्यंत ६ हजारांवर आणि २०१८ पर्यंत ३ हजारांवर येणार होते. तुर्कस्तान त्याआधी युरोपीय संघात गेला तर लवकर. त्यानंतरही १९६० च्या करारातली ६५० तुर्की आणि ९५० ग्रीक सैनिकांची तुकडी राहणारच होती, आणि हमीदारांचा हस्तक्षेपाचा हक्कही कायम राहणार होता, ज्या हक्काचा आधार घेऊन १९७४ मध्ये सैन्य उतरले होते. अंकारा या तारखा पाळेलच याची हमी कोण घेणार, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणाकडेच नव्हते. तुर्कस्तानातून आणून वसवलेल्या लोकांपैकी हजारोंना नागरिकत्व मिळणार होते. उत्तरेतल्या राज्यात ग्रीक किती संख्येने राहू शकतील यावर बरीच वर्षे मर्यादा राहणार होती, म्हणजे युरोपातल्या कोणत्याही गावात घर घेण्याचा हक्क असलेल्या माणसाला स्वतःच्या जन्मगावी तो हक्क सहजासहजी मिळणार नव्हता. हे सगळे आक्षेप खोटे किंवा भित्रेपणाचे होते असे मी म्हणू शकत नाही. १९७४ पाहिलेल्या माणसाने सैन्याच्या तारखा दहादा तपासून पाहाव्यात, यात नवल ते काय?

पण हेच आक्षेप तुर्की बाजूलाही आरशात पाहावेत तसे होते, हेही सांगायला हवे. मॉर्फूमधल्या हजारो तुर्की सायप्रियटांना तीस वर्षांत दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा घर सोडावे लागणार होते. १९६३ ते १९७४ या काळात कोंडवाड्यासारख्या वस्त्यांत दिवस काढलेल्या पिढीला तुर्की सैन्य हीच एकमेव खात्री वाटत होती, आणि ते सैन्य कमी होणार होते. तरीही मॉर्फूसह उत्तरेतल्या बहुतेकांनी ‘होय’ म्हटले, कारण ‘नाही’ म्हटले तर उरणारी स्थिती त्यांना ठाऊक होती. ते तीच स्थिती जगत होते. दक्षिणेत ‘नाही’ म्हटले तर काय उरणार होते? पर्यटक, लिमासोलची बंदरे आणि ब्रसेल्समध्ये एक खुर्ची. त्यांनी भीतीपोटी किंवा लोभापोटी मत दिले असे म्हणण्यापेक्षा, ज्याची झळ कमी त्याला चोखंदळपणा परवडतो, एवढेच मी म्हणेन.

अखेरचा मसुदा कसा तयार झाला याचा विचारही इथे करायला हवा. फेब्रुवारी २००४ मध्ये न्यूयॉर्कला दोन्ही बाजूंनी मान्य केले, की वाटाघाटींतून जे जमणार नाही ते अन्नान यांनी स्वतः भरावे. मार्चअखेरीस स्वित्झर्लंडमधल्या ब्युर्गनस्टॉक येथे शेवटची फेरी झाली, ३१ मार्चला पाचवा आणि अंतिम मसुदा हाती आला आणि चोवीस दिवसांनी मतदान. म्हणजे ज्या तडजोडीसाठी लोकांना मत द्यायचे होते ती त्यांच्या नेत्यांनी केलेलीच नव्हती. रिकाम्या जागा परक्याने भरल्या होत्या. स्वतः केलेली तडजोड नेता लोकांसमोर जाऊन विकतो, कारण त्याची प्रतिष्ठा तिच्यात गुंतलेली असते. दुसऱ्याने लिहिलेला मसुदा तो हात झटकून मतदारापुढे ठेवू शकतो, किंवा त्याच्या विरोधातही उभा राहू शकतो. इथे नेमके दुसरे घडले.

७ एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्ष टासोस पापाडोपुलोस दूरचित्रवाणीवर आले. जवळजवळ तासभर बोलले. शेवटी त्यांचे डोळे पाणावले. मला आंतरराष्ट्रीय मान्यता असलेले राज्य सोपवले गेले होते, त्याच्या जागी मी नुसता एक समाज परत करणार नाही, या आशयाचे त्यांचे वाक्य आजही सायप्रसमध्ये उद्धृत केले जाते. त्यांनी ठणठणीत ‘नाही’ मागितले. चर्चचे बहुतेक धर्मगुरू त्याच बाजूला होते. ‘होय’च्या बाजूला दोन माजी राष्ट्राध्यक्ष होते, क्लेरिडिस आणि व्हासिलिऊ, आणि उजव्या पक्षाचे नेते निकोस अनास्तासियाडिस, पण सरकारी आवाजापुढे त्यांचा आवाज पातळ पडला. सर्वात विचित्र भूमिका कम्युनिस्टांच्या आकेल पक्षाने घेतली. तुर्की सायप्रियट कामगारांशी सर्वात जुने नाते याच पक्षाचे. त्याने आधी मतदान पुढे ढकलायला सांगितले आणि अंमलबजावणीच्या हमीसाठी सुरक्षा परिषदेचा ठराव मागितला. २१ एप्रिलला रशियाने तो ठराव नकाराधिकार वापरून पाडला, आणि मग आकेलने पुढे ‘होय’ भक्कम करता यावे म्हणून आज ‘नाही’ म्हणा, असे आपल्या मतदारांना सांगितले. दोन्ही डगरींवर पाय ठेवण्याचा याहून चांगला नमुना मला राजकारणात आढळलेला नाही. त्याच दिवशी युरोपीय संघाचे विस्तारविषयक आयुक्त गुंटर फेरहॉयगन यांनी युरोपीय संसदेत उघडपणे सांगितले, की ग्रीक सायप्रियट सरकारने आपली फसवणूक केली असे मला वाटते. त्यांचा संताप समजण्यासारखा होता, पण ज्या हेलसिंकीच्या वाक्याने ही फसवणूक शक्य झाली ते वाक्य युरोपानेच लिहिलेले होते.

उत्तरेत डेंक्ताश यांनीही ‘नाही’ मागितले होते. पण डिसेंबरातल्या निवडणुकीनंतर मेहमेत अली तलात पंतप्रधान झालेले होते, अंकारामध्ये एर्दोगान यांचे नवे सरकार योजनेच्या पाठीशी होते आणि म्हातारा नेता एकाकी पडला होता.

आकड्यांत एक गोष्ट आहे, ती टक्केवारीत लपून जाते. दक्षिणेत ‘होय’ म्हणणारे ९९,९७६ होते आणि उत्तरेत ‘होय’ म्हणणारे ७७,६४६. म्हणजे त्या दिवशी बेटावर पडलेल्या ‘होय’ मतांपैकी निम्म्याहून अधिक मते ग्रीक सायप्रियटांची होती. ‘ग्रीक सायप्रियटांनी एकीकरण नाकारले’ असे सरसकट वाक्य लिहिताना आपण जवळजवळ लाखभर माणसे पुसून टाकतो. त्यांच्यावर पुढची काही वर्षे परक्यांना विकले गेल्याचे आरोप झाले. उत्तरेतही ४१,९७३ लोकांनी ‘नाही’ म्हटले होते. त्यांची दखल कोणी घेतली नाही, कारण त्यांच्या मताने काही बिघडले नव्हते.

काही वर्षांपूर्वी मी निकोसियाला गेलो होतो, तेव्हा लेड्रा रस्त्यावरून पलीकडे जाऊन आलो. हा रस्ता २००८ च्या एप्रिलमध्ये खुला झाला. दक्षिणेकडे दोन्ही बाजूंना कपड्यांची आणि आइस्क्रीमची दुकाने, मध्येच एक टपरीवजा खोली, तिथे पासपोर्ट दाखवायचा. पुढे काही पावले बंद दारांची, गवत उगवलेल्या सज्ज्यांची घरे, मग दुसरी खोली, दुसरे पोलीस, आणि लगेच तुर्की बाजार सुरू. माझ्या पुढे एक बाई हातात भाजीची पिशवी घेऊन, रोजच्या सवयीने ओळखपत्र पुढे करून गेल्या; पोलिसाने नीट पाहिलेही नाही. दक्षिणेतल्या उंच इमारतीच्या गच्चीवरून उत्तरेच्या डोंगराच्या उतारावर रंगवलेला प्रचंड तुर्की सायप्रियट ध्वज दिसतो, आणि रात्री तो दिव्यांनी उजळतो. भाजीच्या पिशवीला अडवणारे आता कोणी नाही, हे चांगलेच आहे. पण फाळणी इतकी सोयीची झाली, की तिच्याविरुद्ध चौकात उभे राहण्याची निकडही ओसरते, असे मला तिथे जाणवले.

सार्वमतानंतर काय झाले ते या ‘मोला’च्या मुद्द्याला पुष्टीच देते. युरोपीय संघाचे कायदे उत्तरेत स्थगित राहिले. तुर्की सायप्रियटांचा एकाकीपणा संपवू असे आश्वासन युरोपाने २६ एप्रिलला दिले, पण उत्तरेशी थेट व्यापाराचा प्रस्ताव पुढे सरकला नाही, कारण तोवर सायप्रसचे सरकार संघाच्या टेबलाशी बसून नकार देऊ शकत होते. आर्थिक मदत आली, सायप्रसचे पासपोर्ट कित्येक तुर्की सायप्रियटांनी घेतले, आणि तरीही ‘होय’ म्हणून काय मिळाले हा प्रश्न उत्तरेत दरवर्षी अधिक कडवट होत गेला. २०१० मध्ये तलात हरले. दक्षिणेत मालमत्तेचे दावे स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि हरवलेल्या लोकांच्या शोधाचे काम, जे योजनेवर अवलंबून नव्हते, ते मात्र सुरू झाले: दोन्ही समाजांच्या मिळून २,००२ बेपत्ता माणसांची यादी, २००६ पासून उत्खनन, आणि एकेका कुटुंबाला एकेक सापळा परत. दोन्ही समाजांचे तरुण वैज्ञानिक हे काम एकाच प्रयोगशाळेत करतात. बेटावर खरोखर एकत्र चाललेले जे काही थोडे आहे, त्यात हे पहिले येते.

२००४ मध्ये ‘होय’ म्हणणारे अनास्तासियाडिस २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. उत्तरेत २०१५ मध्ये मुस्तफा अकिंजी निवडून आले. दोघेही लिमासोलचे, दोघेही संघराज्यवादी. यांना नाही जमले तर कोणालाच जमणार नाही असे तेव्हा म्हटले जायचे, आणि जुलै २०१७ मध्ये क्रान्स-मोंताना येथे, सैन्य आणि हमी याच जुन्या दगडाला ठेचकाळून त्यांचीही बोलणी फिसकटली. त्यानंतर उत्तरेतल्या नेतृत्वाने दोन स्वतंत्र राज्यांची भाषा सुरू केली आणि २०२० मध्ये व्हारोशाचा किनारा पर्यटकांसाठी उघडला. पडक्या हॉटेलांसमोरून लोक सायकली चालवू लागले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र उत्तरेतल्या मतदारांनी पुन्हा संघराज्याच्या बाजूचा उमेदवार, तुफान एर्हुर्मान, मोठ्या मताधिक्याने निवडून दिला. बोलणी पुन्हा सुरू करण्यासाठी त्यांनी ज्या अटी मांडल्या आहेत त्यांतली एक थेट २००४ मधून आलेली आहे: या वेळी प्रक्रिया ग्रीक बाजूमुळे कोसळली, तर तुर्की सायप्रियटांना पुन्हा आजच्याच स्थितीत ढकलले जाणार नाही, याची खात्री आधी द्यावी. ग्रीक बाजूचे उत्तरही ठरलेले आहे, की अशी खात्री म्हणजे मागच्या दाराने दिलेली मान्यता. अन्नान योजनेच्या नऊ हजार पानांत या एका मुद्द्यावर, म्हणजे एका बाजूने ‘नाही’ म्हटले तर दुसऱ्या बाजूचे काय, यावर करार रद्दबातल होईल एवढेच लिहिलेले होते. पुढचा मसुदा कोणीही लिहिला तरी त्याला हे कलम आधी लिहावे लागेल, आणि तेही मतदानाची तारीख ठरवण्यापूर्वी.